तेवीस नंबरचं भोक

मी एक जुना दाभण आहे. मित्रांनो, या, जवळ या, पण हात मागे ठेवून या. टोचेन म्हणून सांगत नाही, माझं टोक आता पार बोथट झालं आहे. मला हातांचाच भरवसा नाही. वाचनालयात कोणी आलं की मी आधी त्याच्या बोटांकडे बघतो, मग पिशवीकडे, आणि वेळ उरला तर तोंडाकडे. बोटांत ब्लेड असू शकतं. पिशवीत काहीही असू शकतं. तोंडाचं काय, ते तर कोणालाही गोड करता येतं.

हा संशय मला जन्मापासून नव्हता. तो मला कामाने दिला.

माझा जन्म अकोल्याचा. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. एका लोहाराने कुठल्याशा मोडक्या यंत्राची सळई तापवली, ठोकली, एका टोकाला चपटी वाकडी चोच काढली आणि दुसऱ्या टोकाला सुतळी ओवायला नेढं पाडलं. मी वीतभर लांब आणि चांगला चकचकीत होतो. दुकानाच्या फळीवर एक दिवस जेमतेम पडून राहिलो असेन, तेवढ्यात जानरावाने मला उचललं. जानराव एका जिनात कामाला होता. कापसातून निघालेली सरकी पोत्यांत भरली जायची आणि त्या पोत्यांची तोंडं शिवण्याचं काम त्याचं. उंच माणूस, झुबकेदार मिशा, बोलणं कमी. दिवसाला दीडशे पोती आम्ही दोघं शिवायचो.

तिथे मी पहिल्यांदा जग पाहिलं, म्हणजे पोत्याच्या आतून पाहिलं. तोंडाशी सरकी कशी छान, टपोरी, कोरडी. खाली माती. कधी खडे. कधी तर गेल्या सालची सडकी सरकी, वरून नवीचा एक थर पसरलेला. पोतं शिवलं की ते सज्जनासारखं उभं राहायचं. मी आत जाऊन बाहेर यायचो, मला सगळं ठाऊक असायचं, आणि सांगणार कोणाला? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर सरकीने पोळलं, म्हणून मी सगळंच फुंकून पितो.

सहा वर्षं अशी गेली. कापसाची धूळ जानरावाच्या छातीत बसली आणि खोकला काही जाईना. डॉक्टरने जिनात पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. त्याची लेक अमरावतीला दिली होती. तिच्याकडे तो आला आणि इथल्या एका वाचनालयात त्याला शिपायाची नोकरी मिळाली. येताना त्याने मला टोपीच्या घडीत खोचून आणलं होतं. पोती शिवणारा हात वर्तमानपत्रांच्या फायलीही शिवू शकतो, एवढंच त्याने मुलाखतीत सांगितलं होतं म्हणे.

वाचनालयाचे ग्रंथपाल मोरोपंत. पूर्वी शाळामास्तर होते. तपकीर ओढायचे, चष्मा दोऱ्याने बांधायचे, आणि पुस्तकाचं पान कोणी थुंकी लावून उलटलं तर त्याच्याकडे असं बघायचे की तो माणूस पुढचा महिनाभर वाचनालयाच्या रस्त्याने जायचा नाही. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले. आमचं जमण्यासारखं होतं.

मी महिन्या-महिन्याची वर्तमानपत्रं शिवू लागलो. पोत्यापेक्षा कागद बरा, असं मला वाटायला लागलं होतं. कागदात जे आहे ते वरच दिसतं. आणि मग एके सकाळी जानरावाने एक फाईल उघडली तर मधल्या पानाला खिडकी. कोणीतरी ब्लेडने चौकोन कापून नेला होता. त्यात काय होतं ते कधीच कळलं नाही. चोरही सापडला नाही. सापडला असता तर एकावरच राग धरला असता. सापडला नाही म्हणून मी तेव्हापासून प्रत्येकालाच तो चोर समजतो.

आता माझ्या भाग्याच्या दिवसांविषयी सांगतो. नीट ऐका, कारण पुढची गोष्ट यावरच उभी आहे.

लोक वाचनालयात येऊन विचारायचे, "पंत, जिनाला आग लागल्याची बातमी होती, साल आठवत नाही." मग मोरोपंत आणि जानराव फायलींचे गठ्ठे उपसत बसायचे. दोन-दोन दिवस जायचे. मोरोपंतांनी कुठल्याशा मासिकात एक युक्ती वाचली होती. त्यांनी जाड कागदाची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून घेतली. प्रत्येक बातमीला एक कार्ड. कार्डावर बातमीचा मथळा, वर्तमानपत्राचं नाव, तारीख. आणि कार्डाच्या वरच्या काठाने ओळीने तीस भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक विषय. बातमी कापसाची असली तर अकरावं भोक कात्रीने वरून फोडायचं, म्हणजे त्याची खाच व्हायची. कोर्टाची असली तर अठरावं. दोन्हींची असली तर दोन्ही फोडायची.

आणि मग माझं काम. कार्डांचा गठ्ठा सरळ करायचा, अकराव्या भोकातून मला आरपार घालायचं आणि उचलून हलवायचं. ज्यांचं भोक शाबूत आहे ती कार्डं माझ्यावर लटकून राहणार. ज्यांची खाच झाली आहे ती धरायला काही नाही म्हणून पटापट खाली पडणार. पडलेली ती कापसाची. ती पुन्हा गोळा करून आगीच्या भोकातून मला घाला, आता पडतील ती कापसाची आणि आगीचीही. त्यांतून कोर्टकचेरीच्या नको असतील तर अठराव्या भोकातून घाला. पण या खेपेला पडलेली बाजूला ठेवायची आणि माझ्यावर राहिलेली घ्यायची. याला मोरोपंत 'उलटा' म्हणायचे. "अकरा. नऊ. अठरा उलटा." एवढं म्हटलं की जानरावाचे हात चालायचे, आणि दोन दिवसांचं काम एका घटकेत व्हायचं.

यासाठी माझी वाकडी चोच लोहाराकडून सरळ ठोकून घेतली. दुखलं. पण मान वाढला. वकील येऊन बघायचे, शिक्षक येऊन बघायचे. मोरोपंत मला उंच धरून म्हणायचे, "दाभण खोटं बोलत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मलाही ते खरं वाटू लागलं. विषयांची यादी मात्र ते कोणाला दाखवत नसत. ती त्यांच्या टेबलाच्या खणात असे आणि खणाला कुलूप. लोकांना आकडेच ऐकू यायचे. मला तेही पटायचं. यादी बाहेर ठेवली तर कोणी काय करील, सांगता येतं का?

एकोणीसशे त्रेसष्टच्या एप्रिलमधली गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. वाचनालय नुकतंच उघडलं होतं आणि एक मुलगी आत आली. वीसएक वर्षांची, अंगावर धुवट सुती पातळ, पायांवर धूळ, काखेत कापडी पिशवी. तिने पिशवी घट्ट धरली होती. मी लगेच बघितलं, पिशवीत काहीतरी चपटं होतं. तिच्याबरोबर तिची आई होती, ती पायरीवरच बसली.

मुलीचं नाव शालू. शालू पंजाबराव तायडे. वलगावच्या पलीकडे कवठखेड म्हणून खेडं आहे, तिथली. तिने मोरोपंतांना जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिने सत्तावन साली सातवी पास केली होती. आता प्राथमिक शाळेच्या मास्तरणीची जागा निघाली होती आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. पण सातवीचा दाखला हवा. दाखला एकोणसाठच्या पुरात घराबरोबर गेला होता. त्याच पुरात शाळेत पाणी शिरून रजिस्टरांचा लगदा झाला होता. हेडमास्तर वारले होते. कचेरीतल्या साहेबांनी शेवटची सवलत दिली होती. त्या वेळच्या वर्तमानपत्रात नाव छापलं असेल तर त्याची नक्कल वाचनालयाच्या शिक्क्यानिशी आणा, आणि आज पाचच्या आत आणा. पाचनंतर जागा दुसऱ्या नावाला जाणार होती.

"नाव छापलं होतं हे नक्की?" मोरोपंतांनी विचारलं.

"हाव जी. मी सोता वाचलं होतं. कात्रन कापून पेटीत ठेवलं होतं, तेबी पुरात गेलं."

कात्रण. हा शब्द ऐकला आणि माझं नेढं ताठ झालं. म्हणजे ही कापणाऱ्यांतली. मोठं प्रामाणिक तोंड करून उभी आहे, आणि काखेत पिशवी. पोत्याच्या तोंडाशी टपोरी सरकी कशी असते ते मी पाहिलं होतं. मी ठरवून टाकलं की आज या पोरीवरून नजर काढायची नाही.

"विषय कोणता?" मोरोपंतांनी विचारलं.

"शाळा," ती म्हणाली.

सत्तावन सालची पेटी निघाली. अकराशे कार्डं. "सात," मोरोपंत म्हणाले. सात म्हणजे शाळा. जानरावाने शंभर-शंभरांचे गठ्ठे करून मला घातलं, उचललं, हलवलं. अकरा खेपांत दोनशे साठ कार्डं पडली. "चार." चार म्हणजे अमरावती तालुका. त्यांतली नव्वद पडली. नव्वद बातम्या म्हणजे नव्वद अंक. माळ्यावरून फायली उतरवायच्या, अंक शोधायचा, पान पान वाचायचं. एकेका बातमीला पाव तास म्हटला तरी पाचच्या आत होणं अशक्य.

मोरोपंतांनी वरची चार-पाच कार्डं चाळली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "ही सगळी तीच दिसतात. समारंभ शाळेच्या पटांगणात झाला म्हणून आपण सातवर खाच पाडली आहे." मग त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "तेवीस उलटा."

जानरावाने तेविसाव्या भोकातून मला घातलं. त्र्याहत्तर कार्डं भरभर पडली. ती बाजूला गठ्ठा करून ठेवली गेली. माझ्यावर सतरा उरली. सतरा काय, दुपारपर्यंत बघून होतील.

तेवीस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, जानरावाला ठाऊक होतं. शालूला नव्हतं. ती फक्त आकडे ऐकत होती आणि बाकावर ताठ बसून होती. आणि मी? मी तिच्या पिशवीकडे बघत होतो.

सतरा अंक निघाले. मोरोपंत वाचत गेले. शाळेचं छप्पर, शाळेची निवडणूक, मास्तरांची बदली, खो-खोचे सामने. कवठखेड कुठेच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले तेव्हा सतरावा अंक मिटला गेला.

"बाई," मोरोपंत म्हणाले, "दाभण खोटं बोलत नाही. नाव छापलं गेलं नसावं. लहानपणी आपल्याला पुष्कळ गोष्टी झाल्यासारख्या वाटतात."

"छापलं होतं जी," शालू म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "मी खोटं काहून बोलीन?"

खोटं का बोलशील? नोकरीसाठी बोलशील. मी मनात म्हटलं हो, मित्रांनो. लपवत नाही. इतकी माणसं पोत्यात खडे भरतात, तर एक पोर गोष्टीत खडे भरणार नाही कशावरून? मला तर तिची दया आल्यासारखीही वाटत होती, आणि ती दया मला फार शहाणपणाची वाटत होती.

तेवढ्यात तिने पिशवी उघडली. मी सावध झालो. तिने आतून दोन कोरे ताव काढले, एक पेन्सिल, आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. ताव मोडू नयेत म्हणून एका पुठ्ठ्यावर ठेवले होते. चपटं ते हेच होतं. "नक्कल कराले कागद आनले होते," ती जानरावाला म्हणाली, "आता तुमच्याच कामी येतीन, काका. ठेवा." आणि तिने ते टेबलाच्या कडेला ठेवले.

जानरावाला खोकल्याची उबळ आली. त्याने सवयीने मला टोपीत खोचलं आणि पाणी प्यायला ओसरीवर गेला. तिथे माठाजवळच्या पायरीवर शालूची आई बसली होती. चतुराबाई तिचं नाव. सकाळपासून ती तिथेच होती. सावली सरकेल तशी थोडी थोडी सरकत होती.

"माय, आत ये ना," जानराव म्हणाला. "इथं उन्हाच्या झावा लागून राहिल्या."

"राहू द्या जी. मले वाचता थोडी येते."

जानरावाने तिलाही पेलाभर पाणी दिलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "पोरीचं नाव पेपरात कवा आलं होतं, तुले आठोते का?"

"काहून नाही आठोनार?" चतुराबाई म्हणाली. "आमी दीक्षा घेतली ना, त्याच दिसाचं. शाळेच्या पटांगनात. आमी सारे पांढरे कपडे घालून उभे होतो. सारं झाल्यावर हेडमास्तरनं पास झालेल्या पोरीइले पुढं बलावलं अन् माह्या शालूच्या गळ्यात हार घातला. पेपरवाला होता तिथं, त्यानं लिहून नेलं."

जानराव पेला हातात धरून तसाच उभा राहिला. "मंग हे आत सांगतलं काहून नाही?"

"मले कोनं इचारलं?" चतुराबाई म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी कितीतरी वेळा ऐकली होती. सकाळपासून आम्ही माळ्यावरून फायली उतरवत होतो आणि बातमी पायरीवर बसून होती. जानरावाने टोपीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि उन्हात धरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. तशी नजर मी आजवर दुसऱ्यांवर टाकत आलो होतो. माझ्यावर ती पहिल्यांदाच कोणीतरी टाकत होतं.

आत येऊन तो म्हणाला, "पंत, मघा पाडलेली तेवीसची कार्डं पुन्हा लावा लागतीन."

"जानराव, त्या दीक्षेच्या बातम्या आहेत."

शालूने मान वर केली. "तेवीस म्हंजे दीक्षा?"

ती उठून टेबलाजवळ आली.

"तुमी ते बाजूले काहून काढलं?"

"ढीग फार होता," मोरोपंत म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. हे सगळं करायला त्यांना फार वेळ लागला. "आणि मला वाटलं, त्यात शाळेचं काय असणार."

"त्याच दिशी माहा सत्कार झाला जी," शालू म्हणाली. "तुमी विषय इचारला, म्हनून मी शाळा म्हटलं." मग म्हणाली, "सातवी पास झालेल्या आमी तिघी पोरी होतो गावात. आमच्या आधी कोनीच नाही."

मोरोपंतांच्या मनात ढीगच होता, की आणखी काही होतं, हे मी सांगू शकत नाही. कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं. वाईट माणूस नव्हता तो. पण एवढं मला त्या दिवशी कळलं की नको ते बाजूला काढताना हात किती हलका चालतो, आणि त्यात काय गेलं हे बघायला कोणी वाकत नाही.

त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली काढली, खण उघडला आणि विषयांची यादी शालूच्या पुढे ठेवली. आजवर ती बाहेरच्या कोणीच पाहिली नव्हती. "आता तू सांग, मुली," ते म्हणाले. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

तिचं बोट यादीवरून खाली उतरत गेलं आणि थांबलं. "पंधरा," ती म्हणाली. पंधरा म्हणजे मुली व स्त्रिया. जानरावाने त्र्याहत्तर कार्डांचा गठ्ठा सरळ केला, पंधराव्या भोकातून मला घातलं आणि उचललं. सहा कार्डं पडली. एवढीच. सहा.

तिसरं कार्ड जूनचं होतं. मथळा होता, 'कवठखेड येथे धम्मदीक्षा समारंभ'. जानराव खोकत खोकत माळ्यावर चढला आणि फाईल घेऊन उतरला. मी शिवलेली फाईल होती ती, माझ्याच टाक्यांची. बातमी अर्ध्या रकान्याची. किती कुटुंबं, कोणाची भाषणं, पंचशील, आणि सगळ्यात शेवटी चार ओळी. 'याच प्रसंगी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या गावातील तीन मुलींचा मुख्याध्यापकांनी पुष्पहार घालून सत्कार केला.' खाली तीन नावं. दुसरं नाव, कु. शालू पंजाबराव तायडे.

ती ते मनात वाचून थांबली नाही. फाईल उचलता येईना एवढी जड, म्हणून तिने दाराकडे तोंड केलं आणि मोठ्याने वाचलं, पायरीपर्यंत ऐकू जाईल असं. वाचनालयात मोठ्याने वाचायला मनाई होती. मोरोपंत मात्र तिच्याच कोऱ्या तावावर नक्कल करायला बसले होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. सही केली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. साडेचार झाले होते. कचेरी दोन रस्ते पलीकडे. मायलेकी झपाझप गेल्या आणि मी जानरावाच्या हातात तसाच राहिलो.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी हिशेब लावला. ते कार्ड सातव्या भोकावर माझ्या अंगावरून घसरून पडलं होतं. चौथ्या भोकावर पडलं होतं. तेविसाव्यावरही पडलं होतं. त्या पोरीचं नाव तीनदा मला चाटून गेलं, आणि मी तिच्या पिशवीत ब्लेड शोधत होतो. आयुष्यभर मी सगळ्यांचा संशय घेतला. एकाचा घ्यायचा राहिला, तो माझा स्वतःचा. दाभण खोटं बोलत नाही हे खरं आहे. जे विचारलं तेवढंच तो सांगतो, आणि बाकीचं गिळून बसतो, हेही तितकंच खरं आहे. याची मला लाज वाटते, ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मोरोपंतांनी विषयांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवली. खणाला पुन्हा कुलूप लागलं नाही. त्यानंतर ते नुसता आकडा बोलत नसत. "अठरा उलटा, म्हणजे कोर्टाच्या बातम्या बाजूला ठेवतो आहे, चालेल ना?" असं समोरच्याला विचारायचे. बाजूला काढलेल्या कार्डांसाठी वेगळा लाकडी ट्रे आला. काम थोडं सावकाश व्हायला लागलं. "दाभण खोटं बोलत नाही" हे वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. शालूला नोकरी लागली. जुलैत चतुराबाई एकटीच सांगायला आली होती, तेव्हा ती पायरीवर बसली नाही, आत बाकावर बसली.

सहासष्टला मोरोपंत निवृत्त झाले. त्याच थंडीत जानराव गेला, छातीनेच नेला त्याला. नवीन ग्रंथपालांना कार्डांचा कंटाळा. त्यांनी पेट्या माळ्यावर टाकल्या आणि मला टेबलाच्या फटीत. मग मागच्या खोलीच्या खिडकीच्या कडीचा खिळा तुटला, तेव्हा कोणाला तरी माझी आठवण झाली. तेव्हापासून मी इथे अडकलो आहे. अंगाला गंज आला आहे. एका पावसाळ्यात मी जरा वाकलोही. भिंतीवरची यादी अर्धी फाटली, पण तेविसाचा आकडा शिल्लक आहे.

गेल्या वर्षी अंजनगाव सुर्जीकडच्या एका शाळेतून मुलींचा वर्ग वाचनालय बघायला आला. बरोबर त्यांच्या बाई. मी नेहमीप्रमाणे आधी हात बघितले. बाईंच्या बोटांना खडू लागला होता. त्या खिडकीशी आल्या, थांबल्या, आणि मला कडीतून अलगद काढून म्हणाल्या, "अरे, तू इथं काय करून राहिला?" ती शालू होती. तिने माळ्यावरची एक पेटी उतरवून घेतली, धूळ झटकली आणि वीस मुलींना गोल बसवलं. मला घातलं, उचललं, हलवलं. कार्डं पडली तशा मुली त्यांच्यावर तुटून पडल्या.

"थांबा," शालू म्हणाली. "पडलेलं तर सारेच पाहतात. वर काय राहिलं ते कोन वाचनार?"

एक लहानशी, दोन वेण्यांची मुलगी उठली आणि माझ्यावर लटकलेली कार्डं एकेक करून वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने वेणीचं तेल बोटावर घेतलं आणि माझ्या गंजावर चोळलं. कोणी सांगितलं नव्हतं तिला. तिचे हात मी आधी बघितले नव्हते, हे मला नंतर लक्षात आलं.

तर मित्रांनो, तुम्ही काही शोधायला निघालात की हवं ते मागा, नको ते वगळा, त्यात पाप नाही. पण काय वगळलं ते मोठ्याने बोला, आणि पायरीवर कोणी बसलं असेल तर त्यालाही एकदा विचारा. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि आता हात मागे ठेवायची गरज नाही, पुढे घ्या. खिडकी उघडायची असेल तर उघडा, पण बंद करताना मला नीट कडीत बसवा. माळ्यावरच्या पेट्यांना आता झाकणं उरलेली नाहीत. वारा आत शिरला तर सत्तावन सालची कार्डं उडून जातील, आणि त्यांतल्या एका कार्डाची राखण मी अजून करतो आहे.